त्सिविया लुबेतकिन

निर्वासित हा शब्द आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांनी कल्याणजवळच्या लष्करी बराकींत संसार मांडले, आणि आज तेथे उल्हासनगर उभे आहे. त्याही आधी, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. ही मंडळी बहुतेक ख्रिस्ती. रशियाने त्यांना घरादारातून उचलून दूर सैबेरियाकडे नेले होते आणि तेथून ती हिंदुस्थानात पोचली. त्याच पोलंडातील एका ज्यू बाईची हकिकत येथे सांगावयाची आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडात सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते. युद्ध संपले तेव्हा त्यांपैकी जवळजवळ ३० लाखांचा हिटलरच्या राजवटीने संहार केला होता. आणि नवल असे की, युद्ध संपल्यावर वाचलेल्यांची पळापळ थांबली नाही, उलट वाढली. १९४४ ते १९४८ या चार वर्षांत पूर्व युरोपातून अडीच लाखांच्या आसपास ज्यू डोंगर ओलांडून, सरहद्दी चुकवून, खोटी कागदपत्रे खिशात घेऊन निघाले. लढाई चालू असता माणसे पळतात हे आपण समजू शकतो. तोफा बंद पडल्यावर ती का पळाली? त्सिविया लुबेतकिनचे आयुष्य पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. पुस्तकी नव्हे, घरातल्यासारखे मिळते.

तिचा जन्म १९१४ सालचा. गाव बितेन. तेव्हा ते रशियाच्या झारचे होते, पुढे पोलंडचे झाले, आणि आता बेलारूस देशात आहे. म्हणजे गाव जागच्या जागी राहिले आणि राज्ये त्याच्यावरून येत-जात राहिली. घर खाऊनपिऊन सुखी, भावंडे पुष्कळ. त्सिविया त्यांत अबोल. चार माणसांत बोलायची वेळ आली की तिचा चेहरा लालबुंद होई. भावंडांनी यावर उपाय काढला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर तिला उभी करून ती भाषण करायला लावीत! उपाय लागू पडला नाही. मितभाषी ती जन्मभर राहिली. परंतु बोलावयाचे ते मोजके आणि करावयाचे ते पुरे, अशी तिची ख्याती होती, आणि अशा माणसावर लोक डोळे झाकून विश्वास टाकतात.

त्या काळी पोलंडातील अनेक ज्यू तरुण-तरुणी पॅलेस्टाइनला जाऊन सामुदायिक शेती करण्याची स्वप्ने पाहत. अशा शेतवाड्यांना किबुत्झ म्हणतात. तेथे जाण्याआधी शेतकामाची सवय व्हावी म्हणून पोलंडातच शिक्षणकेंद्रे चालत. आईवडिलांच्या मनाविरुद्ध त्सिविया अशाच एका केंद्रात, घरापासून फार लांब, किएल्त्से नावाच्या शहरी जाऊन राहिली. हे किएल्त्से नाव वाचकभगिनींनी लक्षात ठेवावे; पुढे ते पुन्हा येणार आहे. कामाचा उरक आणि हिशेबाची चोख म्हणून तिला लवकरच वॉर्सा राजधानीत संघटनेच्या मध्यवर्ती कचेरीत बोलावून घेण्यात आले.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडात जिनीव्हा येथे झायोनिस्ट परिषद भरली होती. त्सिविया तेथे प्रतिनिधी म्हणून गेली होती. युरोपावर युद्धाचे ढग आलेले सर्वांना दिसत होते. तिला परभारे पॅलेस्टाइन गाठता आले असते. ती परत वॉर्साला आली, आणि दोन दिवस होतात न होतात तोच १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर स्वारी केली.

पोलंडचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडचा रशियाने घेतला, पश्चिमेकडचा जर्मनीने. संघटनेचे पुढारी पूर्वेकडे सरकले, त्यांत त्सिवियाही होती. रशियाच्या ताब्यातील भागात ज्यूंच्या जिवाला तेव्हा भय नव्हते. परंतु वॉर्सातील सामान्य सभासद, पोरीबाळी, मागेच राहिल्या होत्या. १९४० च्या जानेवारीत, बाकीचे लोक जर्मनांपासून दूर पळत असता, ही पंचविशीतली मुलगी रात्रीच्या अंधारात बर्फ तुडवीत उलट्या दिशेने सरहद्द ओलांडून जर्मनांच्या राज्यात शिरली. याला धाडस म्हणावे की वेड, हे ज्याने त्याने ठरवावे. तिच्या दृष्टीने मात्र प्रश्न साधा होता. आपली माणसे तेथे आहेत, तेव्हा आपणही तेथेच असले पाहिजे.

वॉर्सात झिएल्ना रस्त्यावरील ३४ क्रमांकाचे घर हे तिचे ठाणे. तेथे तिने काय केले? सूप शिजविले. निर्वासित होऊन येणाऱ्यांना आसरा दिला, मुलांसाठी चोरून शाळा चालविली. त्या शाळेत यित्झाक कात्सेनेलसन हा कवी शिकवीत असे. पैशासाठी धर्मादाय संस्थांच्या दारी खेटे घातले. मंडळे चालविणाऱ्या आपणा बायकांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत. शंभर माणसांचे सूप दीडशेंना पुरवायचे म्हणजे काय, हे चूल फुंकणारीलाच ठाऊक. तरुण मुले तिला आई म्हणून मानीत, आणि आई होती अवघी पंचवीस वर्षांची! बाहेरच्या देशांना गुप्त पत्रे जात, त्यांत तिच्या नावाचा अर्थच बदलला होता. त्सिविया म्हणजे पोलंडातील ज्यू, असा संकेत ठरला. त्सिविया आजारी आहे असे लिहिले की वाचणाऱ्याने ओळखावे, साऱ्या समाजावर संकट आहे.

१९४० च्या नोव्हेंबरात जर्मनांनी ज्यूंची वस्ती भिंत घालून बंद केली. यालाच घेट्टो म्हणतात. त्या कोंडवाड्यात चार लाखांहून अधिक माणसे दाटीने कोंबली होती. बाहेरच्या गावांशी संबंध ठेवण्याचे काम मुख्यतः मुलींनी केले. पुरुष ज्यू आहे की नाही हे सुंतेमुळे पकडता येई. मुलीला केस, डोळे आणि पोलिश बोली साथ देत असली की ती आगगाडीतून शेतकऱ्याच्या पोरीसारखी जाऊ शके. त्सिवियाची जिवाभावाची मैत्रीण फ्रुमका प्लोत्नित्स्का अशीच गावोगाव फिरे. बातम्या नेई, पुढे शस्त्रेही आणी. १९४३ च्या ऑगस्टमध्ये ती बेंडझिन गावी लढताना मरण पावली.

या दूतांकडून कळू लागले की, जर्मन लोक ज्यूंना नुसते छळत नाहीत, संपवीत आहेत. गावेच्या गावे नाहीशी होत होती. १९४२ मध्ये बितेनचेही तेच झाले, आणि त्सिवियाचे आईवडील गेले. २२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत वॉर्साच्या घेट्टोतून अडीच लाखांहून अधिक माणसे गाड्यांत भरून त्रेब्लिंका येथे नेऊन विषारी धुराने मारण्यात आली. सूप पाजून वाढविलेली मुले त्यांतच गेली. त्या दिवसांतच, २८ जुलैला, काही तरुणांनी ज्यू लढाऊ संघटना स्थापन केली. त्सिविया संस्थापकांपैकी एक होती, आणि यित्झाक झुकरमन ऊर्फ आंतेक हा दुसरा. तोच तिचा जीवनाचा साथीदार.

घेट्टोतील उठाव पुष्कळांना ऐकून ठाऊक असतो. मी त्यावर फार थांबत नाही. १९ एप्रिल १९४३ रोजी जर्मन फौज उरलेल्यांना न्यायला आली तेव्हा मोडकी पिस्तुले आणि घरी केलेले बाँब घेऊन जेमतेम ५०० मुलामुलींनी तिला पहिल्या दिवशी माघार घ्यायला लावली. मग जर्मनांनी घरामागून घर पेटविले. लढणारे तळघरांत गेले. ७ मेच्या रात्री त्सिविया मिला रस्त्यावरील मुख्य तळघरातून गटाराची वाट शोधायला बाहेर पडली आणि उजाडल्यामुळे दुसरीकडेच अडकली. दुसऱ्या रात्री परत येते तो तळघर उद्ध्वस्त झालेले. सेनापती मोर्देखाय आनियेलेविच आणि बहुतेक सोबती मरून पडलेले.

त्यानंतर जे घडले ते मात्र सांगितलेच पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या आयुष्यावर त्याची छाया आहे. उरलेले पन्नासएक जण गटारात उतरले. कमरेइतक्या घाण पाण्यात, वाकून, एक अख्खा दिवस आणि वर आणखी एक रात्र त्यांनी प्रोस्ता रस्त्याच्या झाकणाखाली काढली. जागा अपुरी म्हणून काही जण जवळच्या दुसऱ्या बोगद्यात जाऊन थांबले. आपण त्यांना घेतल्याशिवाय जाणार नाही असा शब्द त्सिवियाने त्यांना दिला होता. १० मेच्या सकाळी, भर दिवसा, झाकण उघडले. वर एक मालमोटार उभी होती, रस्त्यावर लोक जमू लागले होते आणि जर्मन चौकी लांब नव्हती. तीसेक माणसे वर आली. बोगद्यातली आली नाहीत. त्सिवियाने मोटार थांबविण्याचा हट्ट धरला. सुटकेचा बेत आखणारा काझिक नावाचा जेमतेम १९ वर्षांचा मुलगा ऐकेना, तेव्हा तिने त्याला गोळी घालण्याची धमकी दिली. तो म्हणाला ते खरेच होते. आणखी थांबते तर सारेच मेले असते. मोटार निघाली. मागे राहिलेले नंतर वर आले आणि मारले गेले.

काझिकचे चुकले नाही आणि त्सिवियाचेही चुकले नाही. पण बर्फातून उलट चालत येणाऱ्या या बाईला आपण त्यांना सोडून आलो हे कधीच पचले नाही. जगाने तिला वीरांगना म्हटले तेव्हा तिला मागचेच दिसत असले पाहिजेत.

१९४४ च्या ऑगस्टात पोलिश लोकांनी वॉर्सात उठाव केला, त्यातही ती लढली. तो मोडल्यावर ती काही सोबत्यांसह एका पडक्या घराच्या तळघरात सहा आठवडे दडून राहिली. नोव्हेंबरात रेड क्रॉसचे लोक आजारी माणसे न्यायला आले आहेत असे सोंग आणून त्यांना तेथून सोडविले गेले. १९४५ च्या जानेवारीत रशियन रणगाडे आले. रस्त्यात लोक फुले उधळीत होते, एकमेकांना मिठ्या मारीत होते. त्या गर्दीत त्सिवियाला मिठी मारावी असे कोणी उरले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुटका झाली, पुढे काय? प्रत्येकाने पहिली गोष्ट केली ती आपल्या गावी जाण्याची. न जाणो, कोणी परतले असेल! घरी पाहावे तो दुसरेच कुटुंब राहत आहे. खिडकीला आपल्याच आईने विणलेला पडदा आहे. आणि दार उघडणारी बाई आनंदाऐवजी भयाने पाहते आहे. घर परत द्यावे लागेल म्हणून. कोठे दार लावून घेतले, कोठे धमकी मिळाली, कोठे परतलेल्या माणसाचा खून झाला. मुक्तीनंतरच्या दोन वर्षांत पोलंडात शेकडो ज्यू असे मारले गेले. ज्या मातीत सारी माणसे राख झाली तीत पुन्हा मुळे रुजतील कशी, हे दुःख तर निराळेच. फाळणीनंतर आपल्याकडच्या निर्वासितांनाही मागे फिरून पाहणे शक्य नव्हते. पण त्यांना निदान जायला एक देश होता, आणि त्या देशाने दार बंद केले नव्हते.

लुब्लिन शहरी विल्ना भागातले ज्यू बंडखोर आले होते. आब्बा कोव्हनेर हा कवी त्यांचा पुढारी. त्यांची आणि त्सिविया-आंतेकची गाठ पडली आणि ब्रिखा नावाच्या कामाला आकार आला. हिब्रूत ब्रिखा म्हणजे पलायन. हे काम कोणा सरकारचे नव्हे. आरंभी त्याला ना पैसा होता ना नकाशे. १९४५ च्या मार्चच्या सुमारास त्सिविया स्वतः कोव्हनेरच्या मंडळींबरोबर रुमानियात गेली. काळ्या समुद्रावरून जहाज मिळेल अशी आशा होती. वाट बंद निघाली. तेथेच थांबून पुढच्या संधीची वाट पाहणारे पुष्कळ होते. त्सिविया वॉर्साला परतली. मागच्यांना सोडून पुढे न जाण्याचा तिचा हा जुनाच परिपाठ.

मग नव्या वाटा निघाल्या. झेकोस्लोव्हाकियातून हंगेरी, ऑस्ट्रिया, इटली. किंवा सरळ जर्मनीतील अमेरिकनांच्या ताब्यातील छावण्या. ज्या जर्मनीने मारले तिच्याच भूमीवर आसरा घ्यावा लागावा, ही दैवाची चेष्टाच म्हणायची! सरहद्दीवर लोक आपण ग्रीक आहोत असे सांगत. छळछावण्यांतून सुटून मायदेशी चाललेले ग्रीक! कागदपत्रे तशी बनविलेली असत, आणि पहारेकऱ्यासमोर ही मंडळी धार्मिक प्रार्थनांतील हिब्रू शब्द ग्रीक म्हणून एकमेकांना ऐकवीत. बिचाऱ्या पहारेकऱ्याला दोन्ही सारखीच. १९४७ च्या उन्हाळ्यात तर सुमारे ५ हजार माणसे आल्प्स पर्वतातील क्रिमल खिंड रात्री पायी चढून इटलीत उतरली. त्यांत लेकुरवाळ्या होत्या, म्हातारी माणसे होती.

वॉर्सात त्सिवियाचे काम दिसायला पुन्हा तेच जुने. आलेल्याला जेवू घालणे, झोपायला जागा देणे, कोण वाचले कोण नाही याच्या याद्या करणे, अनाथ मुलांना शोधणे, आणि गटागटाने सरहद्दीकडे धाडणे. फरक एवढाच की आता धाडलेली माणसे जिवंत पोचत होती.

१९४६ च्या वसंतात तिने अखेर पोलंड सोडले आणि ती पॅलेस्टाइनला पोचली. जूनमध्ये यागूर येथील किबुत्झमध्ये मोठा मेळावा भरला. हजारो माणसे तिला ऐकायला आली होती. खुर्चीवर उभी करून जिच्या तोंडून शब्द निघत नसे ती बाई उभी राहिली आणि तासन्‌तास बोलली. आवाज चढविला नाही, रडली नाही. श्रोत्यांतील कित्येकांना आपल्या माणसांचे काय झाले हे त्या दिवशी प्रथमच नीट कळले.

ती निघून महिने झाले नाहीत तोच, ४ जुलै १९४६ रोजी, किएल्त्से शहरात भयंकर प्रकार घडला. हेच ते तिच्या तारुण्याचे शहर. आठ वर्षांच्या एका मुलाने ज्यूंनी आपल्याला घराच्या तळघरात कोंडले होते अशी थाप मारली. त्या घराला तळघरच नव्हते! पण जमावाला कोण थांबविणार? पोलीस आणि शिपाईसुद्धा हल्ल्यात सामील झाले. ४२ ज्यू मारले गेले. ही माणसे हिटलरच्या तडाख्यातून वाचलेली, पुष्कळशी रशियातून नुकतीच परतलेली. आंतेक अजून पोलंडातच होता. तो ताबडतोब किएल्त्सेला धावला आणि जखमींना तेथून हलविण्याच्या खटपटीला लागला. मग त्याने पोलिश सरकारमधील अधिकाऱ्यांशी बोलणी केली. जाणाऱ्या ज्यूंना सरहद्दीवर अडवू नये असे ठरले; कागदावर काही न येता. झेक सरकारनेही गाड्या पुढे जाऊ दिल्या. त्यानंतरच्या तीनच महिन्यांत सुमारे ६० हजार माणसे पोलंडातून बाहेर पडली. युद्ध संपल्यावर लोक का पळाले, याचे उत्तर किएल्त्सेच्या त्या घराने दिले.

पॅलेस्टाइनचे दार मात्र ब्रिटिशांनी लावून धरले होते. समुद्रात पकडलेल्या ५० हजारांहून अधिक निर्वासितांना त्यांनी सायप्रस बेटावर तारेच्या कुंपणाआड ठेवले. १९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि ते दार उघडले. पुढे आपल्या कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्रायलही त्या देशी मोठ्या संख्येने गेले. पण ते सुखासमाधानाने, शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणून गेले. त्यांना कोणी हाकलले नव्हते, हे आपल्या भूमीचे भूषण आहे.

त्सिविया, १९४७ मध्ये येऊन पोचलेला आंतेक आणि संहारातून उरलेले सोबती यांनी १९ एप्रिल १९४९ रोजी, म्हणजे उठावाच्या सहाव्या वाढदिवशी, उत्तरेकडे आक्रा शहराजवळ स्वतःचा किबुत्झ वसविला. त्याचे नाव लोहामे हागेताओत, घेट्टोचे लढवय्ये. तेथे त्यांनी संग्रहालय उभारले आणि त्याला कात्सेनेलसन गुरुजींचे नाव दिले. आणखीही एक गोष्ट येथे नोंदली पाहिजे, कारण ती वगळली तर हकिकत खोटी होईल. ही जमीन अस-सुमैरिया नावाच्या अरब खेड्याची. तेथील लोक १९४८ च्या लढाईत परागंदा झाले. त्या वर्षी पॅलेस्टाइनमधील ७ लाखांच्या आसपास अरब असे निर्वासित झाले. एकाच्या डोक्यावर छप्पर येते तेव्हा दुसऱ्याचे जाते, हे १९४७ साली आपणही पाहिले आहे.

तिला दोन मुले झाली, मुलगा १९४७ साली आणि मुलगी १९४९ साली. मोठी पदे चालून येत. तिला कोंबड्यांच्या खुराड्यातले काम अधिक आवडे. घरी युद्धाविषयी फारसे बोलणे नसे. १९६१ च्या मे महिन्यात जेरुसलेमला आइकमनवर खटला चालला तेव्हा ती आणि आंतेक साक्षीला उभे राहिले. तिने विचारलेल्या प्रश्नांची सरळ उत्तरे दिली आणि ती खाली उतरली.

जुलै १९७८ मध्ये ती वारली. आंतेक तिच्यामागे तीनच वर्षे जगला. ऱ्हासाच्या आणि उठावाच्या दिवसांविषयीचे तिचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर, १९७९ साली, हिब्रूत प्रसिद्ध झाले. गटारात मागे राहिलेल्या सोबत्यांची हकिकत त्यात तिने सांगितली आहे.